मुंबई ते न्यूयॉर्क: तास किती, पैसे किती?

मुंबई ते न्यूयॉर्क हवाई अंतर सुमारे १२,५०० किलोमीटर. सपाट नकाशावर सरळ रेघ ओढली तर ती आफ्रिकेवरून जाते. पृथ्वी गोल असल्यामुळे सर्वांत जवळची वाट मात्र उत्तरेला चढते आणि नॉर्वे-आइसलंडच्या बाजूने खाली उतरते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय विमानांना बंद केली आणि या वाटेवर त्यांना सुरुवातीलाच वळसा पडू लागला.

थेट विमानाला जाताना साधारण १६ तास लागतात, येताना साडेचौदा. वर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात; ते जाताना अडवतात, येताना ढकलतात. घड्याळातला फरक उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा, हिवाळ्यात साडेदहाचा. म्हणजे जूनमध्ये रात्री एकला मुंबई सोडली की त्याच तारखेला सकाळी साडेसातच्या सुमारास तुम्ही तिथे. मुलांना घ्यायला बोलावताना तारीख नीट सांगा.

आता भाडे. दुबईमार्गे अंतर जेमतेम चारशे किलोमीटरनी वाढते, लंडनमार्गे त्याहूनही कमी. तरी प्रवास २० ते २६ तासांवर जातो, कारण वेळ विमानतळावर बसण्यात जातो. एका थांब्याचे येण्या-जाण्याचे इकॉनॉमी तिकीट साधारण ८० हजार ते सव्वा लाख, थेट विमानाचे लाख ते दीड लाख. मे-जून आणि डिसेंबरच्या उत्तरार्धात दोन्ही आकडे वर चढतात, फेब्रुवारी-मार्च स्वस्त. थेट विमानाला पंधरा-वीस हजार जास्त पडत असतील, तर पहिल्यांदाच एकट्याने निघालेल्या सत्तरीच्या आईसाठी ते जरूर द्यावेत. रात्री दोन वाजता परक्या विमानतळावर पुढचे गेट शोधण्याची धास्ती त्या पैशांत टळते.

थांबा घ्यायचाच असेल तर अबुधाबीचा विचार करा. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी तिथेच उरकते, न्यूयॉर्कला उतरल्यावर ती रांग नाही. त्यासाठी मध्ये निदान तीन तास हवेत. आणि दोन्ही विमाने एकाच तिकिटावर घ्या. वेगवेगळी तिकिटे स्वस्त दिसतात. पण पहिले विमान उशिरा आले आणि दुसरे चुकले, तर नव्या तिकिटाचा भुर्दंड तुमच्यावर.

तिकिटाबाहेरचा खर्चही मोजा. पर्यटक व्हिसाचे शुल्क १८५ डॉलर, म्हणजे सोळा हजारांच्या घरात. व्हिसा नाकारला तरी ते परत मिळत नाही. तिथला दवाखान्याचा खर्च पाहता प्रवास विमा टाळू नका. पुण्याहून मुंबई विमानतळापर्यंत गाडीला तीन-चार हजार धरा. नेहमीच्या इकॉनॉमी तिकिटावर बहुधा २३ किलोच्या दोन बॅगा नेता येतात, पण सर्वांत स्वस्त भाड्यात एकच असू शकते. पैसे भरण्याआधी ती ओळ वाचा.

व्हीलचेअरला पैसे पडत नाहीत. गुडघे दुखत असतील तर संकोच न करता तिकीट काढतानाच मागून ठेवा. मदतनीस रांगांमधून थेट विमानाच्या दारापर्यंत सोबत येतो.