मालमोटारीचा सायलेन्सर आणि डिझेलचा खर्च

चारसहा शेतकऱ्यांनी मिळून मालमोटार घ्यावी आणि आपला भाजीपाला आपणच मुंबईस पोचवावा, ही चाल आता अनेक गावांत दिसते. ही गोष्ट स्तुत्य होय. परंतु बैलजोडीच्या वैरणीवर जशी नजर ठेवावी लागते, तशीच मोटारीच्या डिझेलवरही ठेवावी लागते. आणि डिझेल वाचविण्याचे नाना उपाय सांगणारे लोक वाटेत पुष्कळ भेटतात. त्यांपैकी एका उपायाचा हिशेब वाचकांपुढे मांडण्याचे आम्ही योजिले आहे. आमची सारी नोकरी महसूल खात्यात कारकुनी करण्यात गेली असल्यामुळे आकडा मांडल्यावाचून कोणत्याही गोष्टीवर विश्वास ठेवू नये, हे आम्हांस ठाऊक असावयास हवे होते. या प्रसंगी मात्र आम्ही आधी खर्च केला आणि मग आकडा मांडला.

आमची चौघांच्या भागीतील मालमोटार नाशिकच्या बाजूने दादरच्या भाजी बाजारास जाते. एकदा पाट्यांच्या दुरुस्तीसाठी ती लालबागेत उभी असता तेथील एका फिटराने सुचविले की, सायलेन्सरातील पडदे कापून सरळ नळी बसवावी; एंजिन मोकळा श्वास घेईल, जोर वाढेल व डिझेल वाचेल. दृष्टांतादाखल त्याने समोर उभे असलेले बंद गिरणीचे धुराडे दाखविले. धुराडे जितके मोकळे व उंच, तितकी भट्टी चांगली पेटते, असे त्याचे म्हणणे. आम्हांस ते पटले व आम्ही होकार दिला.

हा दृष्टांत फसवा आहे. गिरणीच्या धुराड्यातील तप्त हवा बाहेरच्या हवेहून हलकी असते, म्हणून ती वर चढते व तिच्या मागे भट्टीत ताजी हवा ओढली जाते. तेथे धुराडे हेच हवा ओढण्याचे साधन होय. डिझेल एंजिनात तसे नसते. तेथे दट्ट्या खाली जाताना हवा आत घेतो व वर येताना जळलेला वायू बाहेर लोटतो. टर्बो असलेल्या एंजिनात हा वायू प्रथम एका चक्रावर आदळतो. ते चक्र दुसऱ्या चक्रास फिरवून ताजी हवा दाबाने नळकांड्यांत भरते. हे सर्व झाल्यावर वायू सायलेन्सरात येतो. शर्यतीच्या पेट्रोल मोटारींत नळ्यांची लांबी मोजूनमापून जोर वाढवितात हे खरे. परंतु तो लाभ ठरावीक वेगापुरता असतो, आणि घाट चढणाऱ्या मालमोटारीस तो उपयोगी नाही.

आता उलट दाबाचा हिशेब पाहू. सायलेन्सर वायूस अडवितो, म्हणून दट्ट्यास तो लोटण्यासाठी काही शक्ती खर्चावी लागते, हे निर्विवाद आहे. थोडा उलट दाब एंजिनास आवश्यक असतो असेही काही जण सांगतात; तेही खरे नव्हे. तो तोटाच आहे. प्रश्न इतकाच की, तो तोटा केवढा?

विहिरीवरील पंपाचा हिशेब ज्यांस येतो त्यांस हा सहज समजेल. आमचे एंजिन 5.9 लिटरांचे व सुमारे 130 अश्वशक्तीचे आहे. मिनिटास 2000 फेरे होत असता दर दोन फेऱ्यांत सर्व नळकांडी एकदा रिकामी होतात. म्हणजे मिनिटास 5900 लिटर, अर्थात सेकंदास सुमारे 98 लिटर. उलट दाब 1 मीटर उंच पाण्याच्या दाबाइतका धरू. चांगल्या सायलेन्सराच्या मानाने हा पुष्कळ झाला. तर दट्ट्यांचे काम सेकंदास 98 लिटर पाणी 1 मीटर उचलण्याइतके होते. त्यास 75 ने भागता सुमारे 1.3 अश्वशक्ती येते. 130 तून 1.3, म्हणजे शेकडा एक. टर्बोमुळे परिणाम वाढतो असे मानून दुप्पट केली तरी शेकडा दोन. शिवाय हा आकडा पूर्ण जोर लावताना होय; वायूचा प्रवाह निम्म्यावर आला की हा दाब सुमारे चौथाईवर येतो. रिकाम्या परतीच्या प्रवासात तर तो नगण्यच समजावा.

नाशिक ते दादर जाऊनयेऊन सुमारे 340 किलोमीटर. आमची मोटार पूर्वी लिटरला 4.8 किलोमीटर जात असे. म्हणजे एका खेपेस सुमारे 71 लिटर डिझेल लागे. शेकडा दोन वाचले असते तरी बचत दीड लिटराच्या आतच झाली असती. प्रत्यक्षात झाले उलटे. टाकी काठोकाठ भरून तीन खेपा मोजल्या, तो आकडा 4.5 वर आला. खेपेस पावणेपाच लिटर डिझेल अधिक जळू लागले. लिटरला 90 रुपये धरता हे सव्वाचारशे रुपये होतात!

असे का झाले? फिटराने नळी बदलताना डिझेल पंपही वाढवून ठेविला होता. चढावर जोर वाढल्यासारखा वाटे, तो नळीमुळे नव्हे, जादा डिझेलमुळे. हवा तेवढीच व डिझेल अधिक झाले की सर्व डिझेल जळत नाही. त्याचा काळा धूर होतो. काळा धूर म्हणजे नळीतून उडून जाणारा आपला पैसा होय. त्यात आवाज मोठा झाल्याने चालकासही वेगाचा मोह होऊ लागला.

याहून गंभीर प्रकार कसारा घाटात घडला. भरल्या मोटारीस घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेकचा मोठा आधार असतो. हा ब्रेक धुराच्या नळीतील झडप मिटून मुद्दाम उलट दाब निर्माण करतो व एंजिनाकडूनच मोटारीस आवरून धरतो. नळी बसविताना झडपेअलीकडचा सांधा ढिला राहिला होता. तेथून वायू निसटे व ब्रेक धरीना. चालक अनुभवी, म्हणून खालच्या गिअरमध्ये हळूहळू उतरला. खेपेस दीड लिटर डिझेलच्या आशेने आम्ही एका कुटुंबाच्या कर्त्या पुरुषाचा जीव पणास लाविला होता, हे आम्हांस त्या दिवशी कळले. जुना सायलेन्सर पुन्हा बसविला, पंप कंपनीच्या मापावर आणला, हवेची गाळणी बदलली व नोजल तपासून घेतले. आता मोटार लिटरला 5 किलोमीटरांहून किंचित अधिक जाते.

एप्रिल 2020 पासून विकल्या जाणाऱ्या भारत स्टेज 6 च्या मोटारींविषयी दोन शब्द. यांच्या नळीत काजळी धरणारी गाळणी असते. तसेच पाण्यात 32.5 टक्के युरिया असलेला द्राव फवारून विषारी वायूंचे निवारण करण्याची योजना असते. गाळणीतील काजळी जाळण्यास थोडे डिझेल लागते हे खरे. परंतु ती गाळणी काढून टाकल्यास एंजिनाचा संगणक जोर कमी करतो, आणि त्याला फसविण्याचे उपाय बेकायदेशीर आहेत. शहरात थांबतथांबत चालून गाळणी तुंबली, तर मोटार काही वेळ हमरस्त्यावर सलग चालवावी. शेतीचा युरिया पाण्यात विरघळवून त्या टाकीत कदापि घालू नये. त्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो. सर्व यंत्रणा बिघडते, आणि शेतीसाठी अनुदानाने मिळालेले खत अन्यत्र वापरणे हा गुन्हाही आहे.

कायद्याचेही भान ठेवावे. मुंबईत गिरण्यांच्या धुरासाठी 1912 सालीच कायदा झाला होता. वाहनांच्या धुराचा प्रश्न 1999 साली मुंबई उच्च न्यायालयापुढे जाऊन लाल समिती नेमली गेली. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989, यांतील नियम 120 प्रमाणे सायलेन्सर असणे आवश्यक आहे; आणि धूर व आवाजाच्या मर्यादा मोडल्यास 1988 च्या कायद्याच्या कलम 190 अन्वये दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याखेरीज परळ-दादरच्या चाळींत पहाटे तीन वाजता लोक निजलेले असतात. आपला भाजीपाला तेच विकत घेतात, हे विसरू नये.

तात्पर्य, मालमोटारवाल्या बांधवांनी पुढील गोष्टी कराव्या :

1. सायलेन्सर पिचला, गंजला वा काजळीने तुंबला असल्यास त्याच मापाचा नवा बसवावा. तुंबलेला सायलेन्सर खरोखरच डिझेल खातो.

2. नळीचे सांधे व एक्झॉस्ट ब्रेक घाट उतरण्यापूर्वी तपासावे. गळका धूर केबिनमध्ये शिरल्यास जिवास अपाय होतो.

3. काळा धूर दिसताच प्रथम हवेची गाळणी, मग नोजल व पंप पाहावा.

4. चाकांतील हवा दर खेपेस मोजावी व वेग आवरता ठेवावा.

5. कोणताही फेरफार करण्यापूर्वी तीन खेपा व केल्यानंतर तीन खेपा, टाकी काठोकाठ भरून, डिझेलची नोंद वहीत ठेवावी.

यांतील पाचवी गोष्ट आम्ही पहिल्या खेपेच्या आधीच केली असती, तर लालबागेतील खर्च आणि कसाऱ्यातील ती घटका, दोन्ही टळले असते. वही स्वस्त असते. वाचकांनी आजच एक मोटारीत ठेवून द्यावी.