देहातील मुकादम : ‘कॅस्पेज-८’

इब्रामपुरात जुने कौलारू घर दोन रीतींनी नाहीसे होते. एक, मालक मुकादम लावून ते उतरवितो. कौले, वासे, चिरे वेगवेगळे रचले जातात व नव्या घराच्या कामी येतात. दुसरी, आषाढाच्या पावसात भिंत बसते, घर कोसळते आणि सारा वाडा धावत येतो.

आपल्या देहातील पेशींचेही असेच आहे. गर्भातील बाळाच्या बोटांमधला पडदा जातो, तेव्हा तेथील पेशी शिस्तीने मरतात व इतर पेशी त्यांचे तुकडे गिळून टाकतात. या मरणास १९७२ साली ‘अपॉप्टोसिस’ हे नाव मिळाले. उलट, पेशी फुटून मेली तर आतील द्रव्ये बाहेर सांडतात, रक्तातील रक्षक पेशी धावून येतात. जागा लाल होते, सुजते, तापते, दुखते. यालाच दाह म्हणतात.

या दोन वाटांच्या नाक्यावर ‘कॅस्पेज-८’ नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, उभे असते. १९९६ साली अमेरिकेत डॉ. विश्व दीक्षित यांच्या आणि इस्राएलात डॉ. डेव्हिड वॉलॅक यांच्या प्रयोगशाळांनी ते स्वतंत्रपणे शोधले. मरणाची आज्ञा मिळताच ते सहकारी विकरांना कापून जागे करते व पेशी ‘उतरविते’. दुसरे काम अधिक नवलाचे : ‘रिप-१’ व ‘रिप-३’ ही प्रथिने पेशी फोडू पाहतात, त्यांना ते आवरते. हे विकर नसलेली उंदरांची पिले गर्भातच मरतात. पण त्याबरोबर ‘रिप-३’ही काढल्यास ती जगतात, असे २०११ साली दिसून आले. मुकादम नसल्याने घरे कोसळत होती, हेच त्यावरून सिद्ध झाले.

माणसांतही याचा पडताळा आला. २०१९ साली ३ कुटुंबांत ‘रिप-१’मधील कापण्याची नेमकी जागाच जन्मतः बदललेली आढळली. त्या रुग्णांना बालपणापासून, जंतूंचा संसर्ग नसतानाही, पुनःपुन्हा ताप येई व गाठी सुजत.

हा आजार अतिशय विरळ आहे. आपल्याकडे ताप आल्यास प्रथम मलेरिया, डेंग्यू, लेप्टो यांचीच तपासणी व्हावी. परंतु काही न सापडता मुलाचा ताप वरचेवर उलटत असेल, तर पालकांनी तारखा व तापमान वहीत टिपून डॉक्टरांस दाखवावे. आणि आम्ही शिक्षकांनी, शाळा बुडविणाऱ्या अशा मुलावर सोंगाचा आरोप करण्यापूर्वी, त्याच्या कपाळाला एकदा हात लावून पाहावा.