'अकॉर्डिंग टू' कोणासाठी?

इंग्रजी निबंधात हमखास आढळणारी एक चूक म्हणजे 'अकॉर्डिंग टू मी'. मराठीत 'गुरुजींच्या मते' आणि 'माझ्या मते' दोन्ही चालतात, म्हणून इंग्रजीतही तसेच लिहिले जाते.

'अकॉर्डिंग टू' लिहिले की माहिती दुसरीकडून घेतली आहे, हे वाचकाला कळते. त्यापुढे दुसरी व्यक्ती, पुस्तक, वर्तमानपत्र किंवा अहवाल येतो. उदा. 'अकॉर्डिंग टू द २०११ सेन्सस, इंडियाज पॉप्युलेशन वॉज अबाउट १२१ करोर.' स्वतःचे मत सांगताना 'इन माय ओपिनियन' किंवा साधे 'आय थिंक' लिहावे. 'अकॉर्डिंग टू माय ओपिनियन' ही खिचडी टाळावी.

ओळखायची युक्ती सोपी आहे. 'मते'च्या जागी 'सांगण्यानुसार' घालून पाहा. 'गुरुजींच्या सांगण्यानुसार' शोभते. 'माझ्या सांगण्यानुसार गणित सोपे आहे' हे कानाला खटकते.

हा फरक केवळ गुणांपुरता नाही. जनगणनेचा आकडा 'आय थिंक' म्हणून लिहिला, तर पक्की माहितीही अंदाज वाटते. कोणते विधान कोणाचे, हे वाचकाला कळलेच पाहिजे.

सराव : इंग्रजीत लिहा.
१) वर्तमानपत्रानुसार उद्या पाऊस पडेल.
२) माझ्या मते गृहपाठ कमी असावा.