अल्बम शिवण्याआधी

लोहगडवाडी,
कार्तिक

चि. बाळ,


आजीच्या पेटीतले फोटो चामड्याच्या अल्बममध्ये लावायचे आणि तो अल्बम स्वतःच्या हातानं शिवायचा, असं तू ठरवलंस, हे वाचून फार बरं वाटलं. चामडं कुठलं घेऊ, असं विचारलं आहेस. सांगतो, पण ते शेवटचं काम.

आधी आजीजवळ बस. एकेक फोटो तिच्या हातात दे आणि ती सांगेल ती नावं फोटोच्या मागे, कडेला, मऊ पेन्सिलीनं हलक्या हातानं लिही. बॉलपेन नको. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई शेजारच्या फोटोला लागते. नावं आधी का, ते सांगतो. जुलै २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारसा यादीत गेला. त्याच्या दरवाजांचे, विंचूकाटा माचीचे फोटो रोज निघतात. पण गडाखालच्या आपल्या घराचे, भातलावणीचे, अंगणातल्या लग्नाचे फोटो त्या पेटीतच आहेत, आणि त्यांतली माणसं ओळखणारी आता आजी एकटीच उरली आहे.

कुठलाही फोटो चिकटवू नकोस. आम्ही एकदा चिकट पानांचा, वर प्लास्टिक असलेला अल्बम आणला होता. आपल्या मावळातले चार पावसाळे त्यानं काढले. पानं पिवळी पडली, प्लास्टिक फोटोला धरून बसलं, आणि सोडवायला गेलो तेव्हा लग्नाच्या फोटोतला तुझ्या आजोबांचा चेहराच निघून आला. तसा दुसरा फोटो नाही. म्हणून कागदाचे कोपरे कर, त्यांना मैद्याची खळ लाव आणि फोटो नुसता त्यांत खोव. खळ पातळ लाव, पुरती वाळू दे, नाहीतर कसर लागते.

पानांना सुती चिंध्यांच्या लगद्याचा जाड हातकागद घे. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था १९४० पासून आहे. पाठीच्या बाजूला प्रत्येक दोन पानांमध्ये बोटभर रुंदीची कागदी पट्टी घालायला विसरू नकोस. फोटो लावले की पानं फुगतात, पाठ मात्र होती तेवढीच राहते, आणि पट्टी नसली की अल्बम मिटतच नाही. नवशिक्याची चूक बहुधा इथेच होते.

आता चामडं. बकरीचं, साल-हिरड्यानं कमावलेलं घे. कोल्हापुरी चपलेचं कातडंही बाभळीची साल आणि हिरडा घालूनच कमावतात, आणि हिरडा तर आपल्या सह्याद्रीतलाच. दुकानात कापलेली कड बघ. आतून निळसर राखी दिसली तर ते क्रोमनं कमावलेलं. तेही टिकतं, पण ओलवून घडी घातली तर ती साल-हिरड्याच्या कातड्यासारखी बसत नाही. एक मात्र सांभाळ. साल-हिरड्याचं ओलं कातडं लोखंडाला लागलं की काळा डाग पडतो आणि तो जात नाही. हिरडा आणि हिराकस मिळून पूर्वी काळी शाई करत, त्यातलाच हा प्रकार. तेव्हा पानं धरायला पितळी स्क्रू वापर. ते सोडवून पुढे पानंही वाढवता येतात, आणि हा अल्बम तुझ्या मुलांनी वाढवावा अशी माझी इच्छा आहे.

कड पुठ्ठ्यावर दुमडण्याआधी रापीनं पातळ करावी लागते. हे पत्रातून शिकवता येत नाही. चपला शिवणाऱ्या एखाद्या कारागिराजवळ दोन दिवस बस, त्याचा हात बघ आणि त्याच्या वेळेचे पैसे दे. दुमडलेल्या कडेवर शिलाईच्या खुणा जेवणाच्या काट्यानं कर म्हणजे अंतर सारखं येतं. भोकं आरीनं पाड. मेण लावलेल्या एकाच दोऱ्याच्या दोन टोकांना दोन सुया ओव आणि दोन्ही प्रत्येक भोकातून समोरासमोर काढ. अशा शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीची शिवण सुटत नाही.

पावसाळ्यात यातलं काही करू नकोस. हवा आत्ताच कोरडी झाली आहे, होळीपर्यंत वेळ आहे.

आजीला मात्र तेवढा धीर नाही. तिला संध्याकाळी दिसेनासं झालंय, सकाळी उन्हात फोटो धरला तर अजून ओळखते. या रविवारी पहाटेच्या लोकलनं मळवलीला उतर, भाज्यावरून गायमुख खिंडीनं वर ये. चामडं आणू नकोस, पेन्सिल आण.

तुझा
मामा