दोन मुठींचा ध्रुवतारा

अहिल्यानगरच्या गच्चीवरून रात्री उत्तरेकडे पाहा. हात ताठ धरून क्षितिजावर एकावर एक दोन मुठी ठेवा. त्यांच्या वरच्या कडेजवळ ध्रुवतारा दिसेल. एक मूठ म्हणजे सुमारे १० अंश. ध्रुवाची उंची जवळजवळ आपल्या अक्षांशाइतकीच, १९ अंश, असते.

आता समुद्रावर चला. २०२४ साली नौदलाच्या दिलना के. आणि रूपा ए. या दोघीच ‘तारिणी’ या शिडाच्या नौकेतून गोव्याहून मॉरिशसला गेल्या. या वाटेवर ध्रुव खाली खाली येतो, विषुववृत्तावर क्षितिजाला टेकतो आणि पुढे दिसतच नाही. मग अक्षांश कसा काढायचा? माध्यान्हीच्या सूर्याची उंची मोजून आणि त्या तारखेचे कोष्टक पाहून. उपग्रहाचे यंत्र भरसमुद्रात बंद पडले, तर हीच विद्या तारते.