प्रतिध्वनीने काढलेले चित्र

इस्लापूरजवळचा पैनगंगेवरील सहस्रकुंड धबधबा तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. नदीकाठच्या एखाद्या उंच कातळापासून ५० मीटर दूर उभे राहून टाळी वाजवली, तर प्रतिध्वनी किती वेळाने येईल? हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो. जाऊन-येऊन अंतर १०० मीटर. म्हणजे सुमारे ०.३ सेकंद. उलट, वेळ मोजला तर कातळ किती दूर आहे हे डोळे मिटूनही सांगता येईल. सोनोग्राफीत गर्भाचे चित्र मिळते ते याच हिशेबावर.

मात्र तेथे आपला नेहमीचा आवाज कामाचा नाही. शरीरात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १५४० मीटर असतो. १००० हर्ट्‌झ कंप्रतेच्या ध्वनीची तरंगलांबी तेथे दीड मीटर होईल! तरंगलांबीहून बारीक तपशील त्यातून कसे कळणार? म्हणून श्राव्यातीत ध्वनी वापरतात. कंप्रता ७५ लाख हर्ट्‌झ असेल, तर तरंगलांबी केवळ ०.२ मिलिमीटर भरते.

हा ध्वनी निर्माण कसा होतो? काही स्फटिकांवर दाब दिला की वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. उलट, वीज दिली की ते कंप पावतात. प्रोबमधील अशाच पदार्थाच्या चकत्या ध्वनी सोडतात आणि परतलेला प्रतिध्वनीही टिपतात. ग्लासगोच्या इयान डोनाल्ड यांनी १९५८ मध्ये गर्भाची अशी चित्रे प्रसिद्ध केली.

कंप्रता वाढली की ध्वनी लवकर शोषला जातो, खोल जात नाही. म्हणून सुरुवातीच्या आठवड्यांत लहान प्रोब शरीराच्या आत, गर्भाशयाजवळ ठेवतात. शेवटच्या पाळीपासून मोजले, तर सहाव्या आठवड्याच्या सुमारास काही मिलिमीटरच्या गर्भाच्या हृदयाची फडफड दिसू लागते. आठव्या आठवड्यात त्याची लांबी सुमारे दीड सेंटिमीटर, बाराव्यात साडेपाच. या लांबीवरूनच डॉक्टर गर्भाचे वय ठरवतात. आता संगणक अनेक काप एकत्र रचून त्रिमिती चित्रही देतो. त्यात मेंदूतील पोकळ्यांची वाढसुद्धा अभ्यासता येते.

पण याच यंत्राने मुलगी असल्याचे पाहून गर्भपात होऊ लागले. म्हणून महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात प्रथम याविरुद्ध कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ उरल्या. प्रतिध्वनी कोणाशी भेदभाव करीत नाही. तो माणूस करतो. सोनोग्राफी केंद्रात ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ अशी पाटी दिसली, तर तिच्यामागचे हे आकडे आठवा.

आता एक गणित: प्रतिध्वनी १३० मायक्रोसेकंदांनी परत आला, तर तो किती खोलीवरून आला? (उत्तर : सुमारे १० सेंटिमीटर. दोनने भागायला विसरला नाहीत ना?)