अर्काची बाटली आणि रक्तदाबाची गोळी

महसूल खात्यात अव्वल कारकून म्हणून हयात घालविलेले आमचे दादा, ज्यांनी कागदपत्रांची खातरजमा झाल्यावाचून एका गुंठ्याचाही फेरफार कधी पुढे सरकू दिला नाही, तेच निवृत्तीनंतर एका विक्रेत्याच्या तोंडी हवाल्यावर रक्तदाबाची गोळी बंद करून ब्राह्मी, ज्येष्ठमध आणि गिंको यांचा मिश्र अर्क दोन्ही वेळा घेऊ लागले. ‘गोळी रक्ताची, अर्क मेंदूचा,’ असे ते वहिनींना समजावीत. काही महिन्यांनी एका सकाळी त्यांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यातून चहा सदऱ्यावर ओघळू लागला आणि त्याचे त्यांना भानच नव्हते. कोणी तळपायाला तेल चोळले, कोणी काढा आणावयास धावले, आणि अंगावरून वारा गेला आहे हे सर्वांना उमगून मोटार दारी येईपर्यंत दुपार उलटली. आजही सदऱ्याच्या गुंड्या वहिनीच लावून देतात.

वनस्पतींविषयी मला आकस नाही. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधेचा रक्तदाबावरील गुण पाश्चात्त्य वैद्यकापुढे सप्रमाण मांडला, तो याच मातीतील मुळीचा होता. परंतु ती मुळी उपकारक ठरली ती रक्तदाब उतरविते म्हणून, आणि वाढलेला रक्तदाब हेच पक्षाघाताचे सर्वांत मोठे आटोक्यात आणण्याजोगे कारण असल्यामुळे दादांनी रक्ताची म्हणून दूर सारलेली गोळीच वस्तुतः मेंदूची राखण करीत होती. अर्कांच्या जाहिरातींत ज्या प्रयोगांचा हवाला असतो, त्यांतील पुष्कळसे उंदरांवरचे; तेथे रोहिणी कोणत्या घटकेस बांधावयाची हे ठरलेले असल्याने अर्क आधी पाजता येतो, पण माणसाच्या झटक्याची तारीख कोणत्या दप्तरात नोंदलेली असते? अमेरिकेत 75 वर्षे व त्यावरील 3069 वृद्धांपैकी निम्म्यांना वर्षानुवर्षे रोज 240 मिलिग्रॅम गिंको देऊन पाहिले, तेव्हा 2008 साली निष्पन्न झाले ते इतकेच, की स्मृतिभ्रंश त्याने टळत नाही. पक्षाघातही त्याने कमी झाला नाही.

म्हणून ज्यांच्या घरी अशी बाटली आली असेल त्यांनी ती डॉक्टरांपासून लपवू नये, घटकांच्या चिठ्ठीसह त्यांच्या टेबलावर ठेवावी. नित्य व अधिक मात्रेतील ज्येष्ठमधाने रक्तदाब चढतो. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांच्या जोडीला गिंको घेतल्यास रक्तस्रावाचे भय असते. गोळी बंद करण्याचा हुकूम मात्र विक्रेत्याचा नव्हे, शेजाऱ्याचा तर नव्हेच.

आणि तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा जीभ अडखळली, तर तेल, काढा, अर्क, पाणीसुद्धा पाजीत बसू नये, कारण गिळण्याची शक्ती गेलेली असल्यास ते श्वासनलिकेत उतरते. 108 ला फोन करून सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळविणारे इंजेक्शन साधारणतः साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि ही मुदत माणूस अखेरचा धडधाकट दिसला त्या वेळेपासून मोजतात, तेव्हा ती वेळ कागदावर टिपून चालू गोळ्यांच्या पाकिटांसह, आणि त्या बाटलीसहही, बरोबर न्यावी.